मदत हवी आहे : ३६ किलोच्या लॅब्राडॉरला फ्लॅटमध्ये आंघोळ कशी घालावी?

नमस्कार मंडळी,

आमचा शेरू पाच वर्षांचा, वजन ३६ किलो. गावी अंगणात पाइप लावून आंघोळ व्हायची. आता पुण्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो, बाथरूमशिवाय जागा नाही. पावसात फिरून आला की पोट चिखलाने माखलेलं असतं आणि लगेच कुबट वास सुटतो.

बाथरूमच्या दारापर्यंत तो आनंदाने येतो. फरशीवर पाय पडला की मात्र नखं रोवतो, मागचे पाय फाकतात आणि अंग थरथरायला लागतं. पाण्याची भीती म्हणावी तर तळं दिसलं की हाच पहिली उडी मारतो. म्हणजे घसरण्याचीच भीती असावी. जबरदस्ती करून त्याच्या मनात कायमची धास्ती बसायला नको, म्हणून विचारतोय.

एकट्याने त्याला आवरायचं कसं? शाम्पू आत पोचतच नाही, पाणी वरच्या वर ओघळून जातं. सगळ्यात मोठी काळजी वाळवण्याची. टॉवेलने पुसल्यावर वरून कोरडा लागतो, पण केसांत बोटं घातली की आतली लव ओलीच. गेल्या पावसाळ्यात शेपटीच्या मुळाशी लाल, ओलसर चट्टा उठला होता, डॉक्टर म्हणाले ओल राहिल्याने होतं. केस सरसकट भादरायचा सल्ला कृपया नको. लॅबचे दुहेरी केस त्याला उन्हापासूनही जपतात.

कालच मानेवर गोचिडांचं औषध टाकलंय, त्यामुळे दोन दिवस तरी आंघोळ नाहीच.

प्रतिसाद : दादा, फरशीवर रबरी मॅट किंवा ओलं गोणपाट अंथरा. आधी पाणी न घालता नुसतं त्यावर उभं करून खाऊ द्या. आंघोळीपूर्वी कोरड्या अंगावर भरपूर ब्रश फिरवा, सुटलेली लव निघाली की पाणी आत जातं. कुत्र्यांचाच शाम्पू घ्या, मगभर कोमट पाण्यात कालवा आणि मानेकडून शेपटीकडे लावत जा. डोकं शेवटी, तेही ओल्या फडक्याने, नाहीतर तो अंग झाडतो. काखा आणि जांघांत फेस राहतो, तिथे पुन्हा पाणी घाला. पंचाने चोळू नका, दाबून टिपा. मग ड्रायर गार हवेवर ठेवून केस उलटे करत वाळवा.

धागाकर्ता : ताई, मनापासून आभार! गोणपाट आजच आणतो. पण ड्रायर सुरू झाला की शेरू पलंगाखाली जातो. त्या आवाजाची सवय कुणी कशी लावली?