विषय: ग्रामीण रुग्णालयासाठी व्हेंटिलेटर

प्रेषक: सचिव

आपल्या परदेशस्थ मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.
खान्देशातील एका ग्रामीण रुग्णालयास व्हेंटिलेटर भेट देण्याचा ठराव गेल्या सभेत मांडला गेला होता. त्यावरील मते दसऱ्यापूर्वी कळवावीत, ही विनंती.

प्रेषक: एक सभासद (भूलतज्ज्ञ)

आदरणीय नाना,
ठरावामागील कळकळ मला मान्य आहे, तरीही माझा त्यास विरोध आहे. तिकडे मी नोकरी केली त्या रुग्णालयात दानात आलेला एक व्हेंटिलेटर केवळ ऑक्सिजन सेन्सर बदलला गेला नाही म्हणून दोन वर्षे कोपऱ्यात उभा होता, आणि त्यावर सलाइनची खोकी रचलेली असत. महामार्गावरील अपघातांतले जे जखमी माझ्या हातून गेले, त्यांतील बहुतेक रक्तस्रावाने गेले, आणि तेही एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात हलवले जात असताना.

ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड हे रक्तस्राव रोखणारे स्वस्त इंजेक्शन 40 देशांतील 20,211 जखमींवर तपासले गेले व त्याचे निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले. पहिला ग्रॅम दहा मिनिटांत आणि दुसरा पुढील आठ तासांत द्यायचा असतो. मात्र इजा झाल्यापासून 3 तासांच्या आत ते दिले तरच रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, उशिरा दिल्यास उलट वाढतात, असे त्याच रुग्णांच्या नोंदींवरून पुढच्या वर्षी दिसून आले. म्हणजे औषध द्यावे की नाही हे घड्याळ ठरवते. आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर मात्र ‘आरटीए (रस्ता अपघात), पुढील उपचारार्थ रवाना’ एवढेच लिहिलेले असे. काळीपिवळीतून सोबत आलेल्या नातेवाइकास वेळ विचारली, तर ‘केळीची गाडी भरून झाली तेव्हा’ असे उत्तर मिळे, आणि ती गाडी किती वाजता भरते याचा हिशेब मला कॅज्युअल्टीत उभ्या उभ्या करावा लागे. म्हणून यंत्राऐवजी इजेची वेळ लिहिता येईल अशा चिठ्ठ्या छापून द्याव्यात, असे मला वाटते.

प्रेषक: सचिव

ताई,
आपले म्हणणे पटते. पण चिठ्ठ्या छापण्यासाठी वर्गणी मागितली तर सभासद हसतील. यंत्रावर मंडळाचे नाव तरी लागते. शिवाय 108 च्या गाडीत वेळेची नोंद होत नाही का?

प्रेषक: एक सभासद (भूलतज्ज्ञ)

नाना,
ती सेवा राज्यात 2014 पासून आहे आणि तिच्याकडे फोन आल्याची वेळ नोंदली जाते. इजेची वेळ ही त्याआधीची गोष्ट. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवरून जखमी माणूस झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणला जातो, त्या चालीचे तास कोणत्याच कागदावर येत नाहीत. म्हणून इजेची वेळ, इंजेक्शनची वेळ आणि दिलेले रक्त एवढ्या तीनच नोंदींचे जाड कार्ड छापावे, ते भरण्याचे अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण परिचारिकांना द्यावे, आणि उरलेल्या पैशांतून रक्तसाठवणूक केंद्राच्या फ्रिजला बॅटरीची जोड द्यावी. कारण लाल पेशी 2 ते 6 अंशांतच टिकतात आणि वीज तिकडे आपल्या सोयीने जात नाही. मंडळाचे नाव हवेच असेल, तर कार्डाच्या पाठीमागे बारीक अक्षरात घालावे.

प्रेषक: सचिव

ताई,
सुधारित ठराव आपणच लिहून पाठवावा. परकीय देणगी स्वीकारण्याची नोंदणी असलेली संस्था मी शोधू लागतो. व्हेंटिलेटरचे दरपत्रक आजच परत करतो.