जुनी टोचन-क्रेन विकायची आहे: अख्खी द्यावी की क्रेन उतरवून? (बेळगाव)

खानापूरवाला
नमस्कार मंडळी. मामांची टोचन गाडी विकायची आहे. टाटा ४०७, २०१२ चं मॉडेल, केए-२२ पासिंग, मागे बूम (उचलायचा दांडा) आणि विंच (दोर गुंडाळून ओढायचं यंत्र). चोर्ला घाट, लोंढा रोड, हायवेला वंटमुरीपर्यंत गाडी भरपूर धावली आहे. रंगरूप गेलंय, पण इंजिनाचं काम केलेलं आहे आणि विंच आजही माल भरलेली पिकअप खड्ड्यातून काढते. मामांना आता रात्री-अपरात्री उठून जाणं झेपत नाही.

दोन गिऱ्हाइकं आली. एक भंगारवाला वजनावर मागतोय. दुसरा चंदगडकडचा, रोख देतो म्हणतो. सही करून कागद द्या, नाव नंतर चढवतो. मामांचा ओढा त्याच्याकडे आहे, कारण तो गाडी चालवणार, तोडणार नाही. काय करावं?

उद्यमबाग_फिटर
क्रेन उतरवू नका. नुसती ४०७ विकायला काढली की तिचा भाव बाजारातल्या इतर जुन्या ४०७ बरोबर लागतो, आणि तुमच्या चेसिसला तर माउंटिंगची भोकं पडलेली. जोडून विकली तर घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून धंदा मिळतो.

वायर रोप बदला. तुटलेल्या तारांचे काटे वर आलेली रोप बघितली की जाणकार माणूस पुढचं काही ऐकूनच घेत नाही. बूमचा सिलिंडर हायड्रॉलिक असेल तर गाडी उचलून दहा मिनिटं तशीच धरा. हूक खाली उतरत असेल तर सील गेलेत. ते इथं उद्यमबागेत बदलून मिळतात. सगळं नीट झालं की याचाच व्हिडिओ काढून गिऱ्हाइकांना पाठवा.

नवा रंग मात्र मारू नका. बूमच्या बुडाशी ताजा रंग दिसला की आत तडा झाकलाय असाच संशय येतो. तिथलं ग्रीस पुसून वेल्डिंग उघडं दिसू द्या.

निपाणी_ट्रान्सपोर्ट
दादा, सही करून कागद देऊ नका. अजिबात नको. नाव चढेपर्यंत आरटीओच्या दप्तरी मालक मामाच. उद्या त्या गाडीनं कुणाला उडवलं आणि विमा संपलेला असला तर भरपाईची नोटीस मामांच्या दारात येते. विकली, पैसे घेतले, हे सांगून सुटका होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली नोंदीतला मालकच जबाबदार असं स्पष्ट केलंय. आमच्या नात्यात एका टेम्पोपायी असाच त्रास झाला. गाडी स्टॅम्पपेपरवर हातोहात पुढं गेली होती आणि शेवटचा मालक सापडेचना.

चंदगड आपल्याला शेजारचं, पण आरटीओला ते दुसरं राज्य. म्हणून २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मबरोबर २८ नंबरचा, म्हणजे एनओसीचा (ना-हरकत दाखल्याचा) फॉर्म लागणार. कर, चलन थकलेलं असेल तर आधी भरा. कधीकाळी फायनान्स असेल तर आरसीवरचा, म्हणजे नोंदणी दाखल्यावरचा, कर्जाचा बोजा उतरलाय का बघा. कर्ज फिटलं म्हणून तो आपोआप जात नाही, ३५ नंबरचा फॉर्म द्यावा लागतो. महाराष्ट्रात नवा नंबर, तिथला कर हे घेणाऱ्याकडं, हे बोलणीच्या वेळीच ठरवा, नाहीतर शेवटी तो तुमच्याच किमतीतून कापतो. फास्टॅगही बंद करा.

आणि आरसीवर बॉडी काय लिहिलीय? क्रेन मागाहून बसवली असेल आणि नोंदीत साधी मालगाडी असेल तर एकतर ट्रान्सफरला अडकणार किंवा फिटनेसला (गाडी चालवण्यायोग्य असल्याच्या दाखल्याला).

संकेश्वर_४१६
कागदाचं बरोबर आहे. मी वेळेचं सांगतो. पितृपक्षात कुणी गाडी घेत नाही, तेव्हा भाव पाडून मागतात. त्याआधी कागद तयार ठेवा आणि दसऱ्याला गिऱ्हाईक बोलवा. त्यानंतर ऊस सुरू होतो. ट्रॉल्या कलंडतात, ट्रकचे ॲक्सल जातात, कारखान्याच्या वाटेवर क्रेनला उसंत नसते. हुक्केरी, गोकाक, चिक्कोडी भागात विचारा. राज्यातल्या राज्यात एनओसीची भानगड नाही. आठ वर्षांपुढच्या गाडीला फिटनेस दरवर्षी लागतो, तो चालू करूनच दाखवा.

खानापूरवाला
सगळ्यांचे आभार. आरसी काढून बघितली, बॉडी ‘ओपन’ लिहिलीय. बँकेचा बोजाही तसाच आहे, कर्ज केव्हाच फिटलं तरी. चंदगडच्या माणसाला फोन करून एनओसीशिवाय गाडी हलणार नाही असं सांगितलं. तो थांबायला तयार आहे, मामा खूश आहेत.

निपाणी_ट्रान्सपोर्ट
मग आधी बँकेचं पत्र घ्या, बॉडीची नोंद त्याच फेरीत होते का विचारा. तोवर टोकन घेतलंत तरी चावी देऊ नका.