सबवूफरच्या पेटीचे ट्यूनिंग हिशेबापेक्षा खाली आले आहे: पोर्ट कापावा की पेटीचे आकारमान कमी करावे?

नमस्कार. गाडीच्या डिकीसाठी मी १२ इंची सबवूफरची (खालचे, जाड आवाज वाजवणाऱ्या स्पीकरची) पोर्ट असलेली, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्यासाठी वाट ठेवलेली पेटी स्वतः बांधली आहे आणि तिच्या ट्यूनिंगविषयी, म्हणजे पोर्टमधली हवा ज्या वारंवारतेला सर्वाधिक घुमते तिच्याविषयी, जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. आधीची बंद पेटी ऐकायला नेटकी होती. परंतु मला गाडीत भरपूर मोठा आवाज हवा आहे, आणि त्याच अॅम्प्लिफायरवर ३५ ते ५० हर्ट्झच्या दरम्यान पोर्टच्या पेटीतून तो अधिक मिळतो, म्हणून हा प्रयोग हाती घेतला.

पेटी १८ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफची आहे. पोर्ट, सबवूफर आणि आतले आधार यांनी व्यापलेली जागा वजा करून निव्वळ आकारमान ५६ लिटर भरते. पोर्ट म्हणजे १० बाय २० सेंटीमीटरची आयताकृती फट असून ती पेटीच्या एका बाजूला लागून आत जाते आणि मागच्या भिंतीपाशी काटकोनात वळते. ३२ हर्ट्झ ट्यूनिंग धरून नेहमीच्या सूत्राने लांबी ९३ सेंटीमीटर आली, ती मी वळणावर मध्यरेषेने मोजून तंतोतंत ठेवली.

पेटी गाडीबाहेर ठेवून, १० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये जोडून, एकेक हर्ट्झ वाढवत इम्पिडन्स (सबवूफरचा विद्युत विरोध) मोजला, तेव्हा दोन शिखरांमधला खोलगा, म्हणजेच प्रत्यक्षातले ट्यूनिंग, ३० हर्ट्झवर सापडले. कोनची (सबवूफरच्या हलणाऱ्या पडद्याची) हालचालही तिथेच सर्वांत कमी दिसते, त्यामुळे मोजणी चुकली असावी असे मला वाटत नाही. उलटा हिशेब केला तर पोर्ट सुमारे १४ सेंटीमीटर अधिक लांब असल्यासारखा वागतो आहे. माझ्या समजुतीप्रमाणे याचे कारण असे, की सूत्रातली टोकाची दुरुस्ती (तोंडाबाहेरची थोडी हवाही पोर्टसोबत हलते, म्हणून लांबीत धरायची भर) साध्या गोल नळीसाठी आहे, तर माझ्या पोर्टची एक बाजू ही पेटीचीच भिंत आहे आणि ती भिंत तोंडाच्या पुढेही तशीच चालू राहते. ही समजूत बरोबर आहे का?

पोर्ट कापायचा तर चिकटवलेली बाजू उघडावी लागेल. शिवाय कापलेल्या तुकड्याची जवळपास ३ लिटर जागा पेटीत परत मिळून ट्यूनिंग पुन्हा थोडे खाली येईल, म्हणजे १४ सेंटीमीटरपेक्षा जास्तच कापावे लागेल. दुसरा मार्ग म्हणजे आकारमान कमी करून ट्यूनिंग वर आणण्यासाठी सबवूफरच्या भोकातून ७ लिटरचे लाकडी ठोकळे आत बसवणे. तो मला अधिक पटतो, कारण ठोकळे पुन्हा काढता येतात आणि पोर्टला धक्का लागत नाही. मात्र आकारमान ४९ लिटरवर आल्याने ३० हर्ट्झच्या आसपासचा आवाज किती घटेल, याचा मला अंदाज नाही. बंद डिकीत खालच्या वारंवारतांना गाडीच्या आतल्या पोकळीची साथ मिळतेच, तेव्हा ही घट प्रत्यक्षात जाणवते का, हे अशी पेटी गाडीत वाजवलेल्यांकडून ऐकायचे आहे.

ट्यूनिंगच्या खाली कोनला पेटीतल्या हवेचा आधार उरत नाही, म्हणून सबसॉनिक फिल्टर (ठरावीक वारंवारतेखालचा आवाज अडवणारा) सध्या २६ हर्ट्झवर ठेवला आहे. ट्यूनिंग ३२ वर नेल्यास तो २८ पर्यंत चढवावा का, हेही कृपया सांगावे.