मदत हवी आहे: टाकी भरली तरी बॉयलर पेटत नाही (साउथ हॅम्स, डेव्हन, इंग्लंड)

खाडीकाठ
ॲव्हटन गिफर्डजवळ भाड्याचं घर आहे. मंगळवारी तेल संपलं, काल ५०० लिटर भरून घेतलं. तरी बॉयलर सुरू होत नाहीये. बॉयलरचं पुन्हा सुरू करायचं लाल बटण दाबून दाबून बोट दुखलं. शनिवारी आईबाबा नागपूरहून येताहेत, घर बर्फासारखं गार. कोणाला माहीत असेल तर पटकन सांगा. ‘हीटर विकत घ्या’ असले सल्ले नकोत.

पान्हावाला
आधी ते बटण दाबणं थांबवा! दर वेळी न जळलेलं तेल आत साचतं आणि शेवटी पेटलं की भडका उडतो. दोन-तीन वेळांपेक्षा जास्त नाही.
आता सांगा: बॉयलर घराबाहेर की आत? टाकी त्याच्यापेक्षा उंचावर की खाली? एक नळी की दोन? दाबल्यावर मोटरचा आवाज येतो का?

तेलतूपमीठ
रेबर्न शेगडी असणार, स्वयंपाकाची आणि घर तापवायचीही. जुन्या घरांत तीच असते. तिच्या तेलाच्या नियंत्रकावर एक छोटी दांडी असते, ती खाली दाबायची.

पान्हावाला
अहो, त्यांनी लाल बटण लिहिलंय. वातीच्या रेबर्नला लाल बटण कुठून येणार?

खाडीकाठ
बाहेर, भिंतीला लागून हिरवी पेटी. टाकी बागेत, थोडी वर. नळी एकच. मोटर दहा-पंधरा सेकंद फिरते आणि बंद पडते.

पान्हावाला
म्हणजे नळीत हवा अडकली आहे किंवा तेल पोचतच नाहीये. वीज बंद करून टाकीकडून सुरुवात करा:
टाकीच्या तळाचा कॉक बघा. दांडी नळीच्या रेषेत म्हणजे उघडा, आडवी म्हणजे बंद. नंतर गाळणीची वाटी. टाकी कोरडी झाल्यावर एकदम तेल पडलं की तळचा गाळ आणि पाणी ढवळून निघतं आणि गाळणीत येऊन बसतं. कॉक बंद करून वाटी काढा, पुसा, रबरी कडं नीट बसवा. मग बॉयलरजवळची आगरोधक झडप (आग लागली तर तेल बंद करणारी), तिचंही बटण असतं, ते उडालंय का बघा.
हे सगळं ठीक असेल तर बर्नरची लवचिक नळी सैल करून खाली बादली धरा, कॉक उघडा. टाकी वर आहे, तेल आपोआप यायला हवं. बुडबुडे थांबून धार एकसंध झाली की नळी घट्ट करा. पंपात उरलेली हवा काढायला पंपावरचा छोटा स्क्रू असतो, पण ते काम मी भाडेकरूला सांगणार नाही.

सूर्यपूर्वा
मी सांगेन. चार मिलिमीटरची षट्कोनी किल्ली, एक बरणी, पाच मिनिटांचं काम.

पान्हावाला
आणि बरणी भरली नाही तर? तेल बॉयलरमध्ये जातं, वर लिहिलंय. ऑफटेक नोंदणीचा, म्हणजे तेलाच्या बॉयलरचा माणूस बोलवा. गॅस सेफचा नको, तो गॅससाठी. बॉयलर दुरुस्त ठेवणं १९८५च्या घरमालक-भाडेकरू कायद्यानं घरमालकाचं काम, पण तेल तुमच्याकडून संपलं असेल तर हवा काढायचं बिल बहुधा तुम्हालाच भरावं लागेल.

चहाबशी
तोवर गरम पाण्याचं बघा. कपाटात तांब्याचा बंब असेल तर त्याला इमर्शन हीटर (आत बसवलेला विजेचा हीटर) असतो, भिंतीवर वेगळा स्विच. ३ किलोवॉटचा असतो. दीडशे लिटर तापायला दोन-अडीच तास. आणि इथलं ‘हीटिंग ऑइल’ म्हणजे आपलं रॉकेलच, डिझेल भरू नका.

हिरवाई
रॉकेल कशाला जाळता? हीट पंप बसवा.

चहाबशी
भाड्याचं घर आहे हो.

खाडीकाठ
गाळणीत तांबूस पाणी होतं, अर्धी वाटी! पुसून बसवली, बादलीत धार आली. पेटला!! पान्हावाला, उपकार झाले.
आता पुढचं. शनिवारी आईबाबांना घेऊन बिगबरीला, समुद्रावर जायचंय, नकाशा नदीकाठचा रस्ता दाखवतोय. तो बुडतो म्हणे?

भरतीओहोटी
दिवसातून दोनदा. शनिवारची भरती किती वाजता? पौर्णिमा-अमावस्या जवळ आहे का?

खाडीकाठ
हो, पौर्णिमा रविवारी. दुपारी जाणार.

भरतीओहोटी
मुंबईत पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास असते. तो अंदाज इथे लावू नका. प्लिमथकडे उधाणाची भरती सकाळी-संध्याकाळी सहा-सातच्या आसपास, दुपारी ओहोटी. म्हणजे जाताना रस्ता कोरडा मिळेल, परतायला उशीर झाला की अडकाल. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. त्या दिवसाचं कोष्टक बघाच. पाणी रस्त्यावर दिसलं की मागे फिरा, खारं पाणी ब्रेक खातं. रस्त्याच्या खालच्या कडेला गाडी लावून चालत जाऊ नका. शंका असली तर ए३७९ रस्त्यावरून बी३३९२ धरा, थोडा वळसा.

तेलतूपमीठ
आणि ॲव्हटन गिफर्डचा उच्चार ‘ऑटन जिफर्ड’ असा करतात. बिगबरीला ओहोटीत बर्ग बेटावर वाळूतून चालत जाता येतं, भरतीत उंच चाकांचा समुद्री ट्रॅक्टर. आत्ताचा १९६९चा आहे.

खाडीकाठ
आईचे गुडघे दुखतात, वाळूतून चालणं जमेल का?

भरतीओहोटी
वाळू ओली असते तेव्हा घट्ट असते. पण बेटावर चढ आहे.