अनुभव धागा: वही घेऊन बसावं लागतं असे जुने आरपीजी

जळगाव (धागाकर्ता)

मंडळी, आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे गेलाय. सकाळी अकरानंतर घराबाहेर पडायची सोय नाही. मुलगी बारा वर्षांची आहे. तिच्या मोबाईलवरचे खेळ मी दोन दुपारी शेजारी बसून पाहिले. हजेरी लावली की नाणी मिळतात, नाणी संपली की जाहिरात येते, जाहिरात पाहिली की पुन्हा नाणी. विचार करायची वेळच येत नाही. ते पाहून माझा पहिला आरपीजी, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचा रोल-प्लेइंग गेम, आठवला.

साल २००२. मावसभावानं पुण्याहून 'बाल्डर्स गेट २' च्या चार सीडी आणल्या होत्या. सोबत माहितीपुस्तिका नव्हती. डोळे उघडतात ते एका जादूगाराच्या तळघरात, पिंजऱ्यात. पुढे काय करायचं हे बोट धरून कोणी सांगत नाही. हा खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर खेळायच्या खेळाच्या त्या काळच्या नियमांवर बेतलेला. त्यांत चिलखताचा आकडा जितका कमी तितकं चिलखत चांगलं, हे मला महिनाभर माहीत नव्हतं. चांगली चिलखतं विकून मी वाईट घालत होतो. ज्या दिवशी हे उमगलं, त्या दिवशी सगळा खेळ पहिल्यापासून सुरू केला. तो आनंद मला नंतर फार कमी गोष्टींनी दिला.

तर नुसती नावं नकोत. तो खेळ तुमच्यापर्यंत कसा आला, त्यानं तुमच्याकडून काय मागून घेतलं आणि आज पुन्हा बसाल का, हे लिहा. लेकीला यातलं काय दाखवावं, हाही माझा खरा प्रश्न आहे.

भुसावळ

वडील रेल्वेत होते. १९९५ च्या सुमाराला त्यांच्या एका मित्राकडे ४८६ संगणक आला आणि त्यावर 'आय ऑफ द बिहोल्डर' होता, १९९१ चा. चार जणांची टोळी शहराखालच्या गटारात उतरते आणि मागची वाट ढासळते. मग एकेक चौकोन पुढे सरकायचं, काटकोनात वळायचं. भिंती सगळ्या सारख्या आणि खेळात नकाशा नाही. तीन वळणांनंतर आपण कुठून आलो तेच कळत नाही.

म्हणून ग्राफची वही आणली. एक चौकोन म्हणजे एक पाऊल, दाराला आडवी रेघ, भिंतीतल्या लपलेल्या बटणाला ठिपका. खेळायला मिळायचे रविवारचे दोन तास, बाकी आठवडा घरी वही उघडून बसायचो. इथे एवढी जागा रिकामी कशी राहिली, म्हणजे मागे खोली असणार. पुढच्या रविवारी जाऊन ती भिंत ढकलायची आणि ती खरंच सरकायची! शाळेतल्या भूमितीनं मला हे सुख कधी दिलं नाही.

आजी विचारायची, "दिनभर काय लिखी ऱ्हायना रे?" मी म्हटलं, भुयाराचा नकाशा. त्यावर तिनं तिच्या माहेरच्या गढीतल्या भुयाराची गोष्ट काढली, जे म्हणे थेट नदीवर निघायचं. ती सांगत गेली आणि मी तिच्या भुयाराचाही नकाशा त्याच वहीत काढला. आजी गेली, वही अजून आहे.

त्या खेळात सेव्ह करायला जागा एकच. मी एकदा फार खोलवर, शिधा संपलेला असताना सेव्ह केलं. मागे जाता येईना, पुढे जगता येईना. अडीच महिने गेले. पण दुसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा पहिले चार मजले वहीच्या जोरावर एका बैठकीत उतरलो. आज पुन्हा बसेन का? बसेन, पण वही नवी घेऊन. जुनी उघडली तर सगळं आधीच कळेल.

धुळे, देवपूर

'फॉलआउट', १९९७. माझ्यासाठी दुसरं नाव नाही.

अणुयुद्धानंतर जमिनीखालच्या तळघरात, १३ नंबरच्या व्हॉल्टमध्ये, माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतायत. पाणी शुद्ध करणारी चिप बिघडते आणि तुम्हाला वर पाठवतात: दीडशे दिवसांत दुसरी चिप आणा. मी खेळलो तेव्हा आमच्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं. घरात टाकी, पिंप, हंडे, सगळं भरून ठेवलेलं असायचं. त्या पडद्यावर उरलेले दिवस मोजले जात तेव्हा मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता खरी गोष्ट ऐका. 'हब' नावाचं व्यापारी गाव आहे. तिथे पैसे भरून व्हॉल्टकडे पाण्याचे तांडे पाठवता येतात, की शंभर दिवस वाढून मिळतात. आमच्या भाषेत टँकर. मी लगेच पाठवले. पुढे कळलं, त्या तांड्यांच्या मागावरून शत्रूला व्हॉल्टचा पत्ता लागायला मदत होते. मी घरच्यांना पाणी पाठवलं आणि त्याच वाटेनं संकट पाठवलं. खेळानं आधी धोका सांगितला नाही, नंतर बोल लावला नाही, फक्त लक्षात ठेवलं. खोल आरपीजी मी यावरूनच ओळखतो: आपण केलेलं तो विसरत नाही.

आणखी एक. सुरुवातीला पात्राची बुद्धी अगदी कमी ठेवली तर त्याला नीट वाक्य बोलता येत नाही, लोक त्याच्याशी तसंच वागतात, आणि तरी खेळ पूर्ण होतो. म्हणजे लिहिणाऱ्यांनी त्या माणसासाठी वेगळे संवाद लिहिले. एवढे कष्ट कोण घेतं!

शहादा

मी प्राथमिक शिक्षिका आहे, शिक्षण मराठी माध्यमातून. भावाच्या संगणकावर 'प्लेनस्केप: टॉरमेंट' (१९९९) होता. त्याला मारामारी कमी वाटली म्हणून त्यानं सोडून दिला, मी बसले.

शवागारातल्या फळीवर एक माणूस जागा होतो. त्याला मरण नाही आणि आपण कोण हे आठवत नाही. त्याच्या पाठीवर सूचना गोंदलेल्या आहेत. स्वतःची पाठ स्वतःला कशी दिसणार? एक तरंगती कवटी त्या वाचून दाखवते. त्या सुरुवातीलाच मी अडकले. या खेळात साधारण ८ लाख शब्द आहेत असं म्हणतात. मी इंग्रजी-मराठी शब्दकोश मांडीवर घेऊन एक अख्खा उन्हाळा वाचत होते. आई शेजारणींना सांगायची, पोरगी कम्प्युटरवर पुस्तक वाचते.

काही शब्द मात्र शब्दकोशातही सापडेनात. तिथले लोक मूर्खाला 'बर्क' म्हणतात, गुपिताला 'डार्क'. ती जुन्या काळच्या इंग्रज चोराचिलटांच्या बोलीवरून घेतलेली भाषा आहे, हे फार नंतर समजलं. तोवर मी संदर्भानंच अर्थ लावत गेले. पहिलीच्या वर्गात घरी पावरी आणि भिलोरी बोलणारी मुलं माझ्यासमोर बसतात आणि मी मराठी बोलायला लागते, तेव्हा त्यांचे चेहरे पाहून मला तो उन्हाळा आठवतो. मी थांबते, वस्तू हातात घेऊन दाखवते. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नाही.

खेळायला बसलात तर तलवारीवर गुण खर्चू नका. शहाणपण आणि बुद्धी वाढवा, अर्धा खेळ त्यामागेच दडलेला आहे. शेवटच्या गाठीलासुद्धा नुसत्या बोलण्यातून वाट निघते. "माणसाचा स्वभाव कशानं बदलतो?" हा प्रश्न तुम्हाला विचारला जाईल. माझं उत्तर इथे देत नाही.

दादा, बारा वर्षांच्या मुलीला हा इतक्यात देऊ नका. विषय जड आहे.

चोपडा

'नेटहॅक'. १९८७ पासून चालू आहे, फुकट आहे, कसल्याही जुन्या लॅपटॉपवर चालतो. चित्रं नाहीत, अक्षरं आहेत: तुम्ही म्हणजे @, कुत्रा म्हणजे d. मेलात की संपलं, जुन्या सेव्हवर परतणं नाही. अकरा वर्षं खेळतोय, एकदाही जिंकलो नाही, आणि दर वेळी काहीतरी नवीन कळतं.

यावल तालुका

आमची केळी. थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते, म्हणून मोटर चालू करायला मळ्यात जावं लागतं आणि डीपीवर लक्ष ठेवत थांबावं लागतं. लॅपटॉप तिथेच नेतो. 'मोरोविंड' (२००२) तिथेच संपवला.

हल्लीच्या खेळांत कुठे जायचं त्याचा बाण दिसतो. मोरोविंडमध्ये बाण नाही, लोक तोंडी रस्ता सांगतात: नदीच्या काठानं वर जा, पूल ओलांडला की दोन टेकड्यांच्या मधून डावीकडे, तिथे थडगं दिसेल. अगदी आपल्याकडे शेताचा पत्ता सांगतात तसं, की निंबापासून वळ, विहीर सोड, मग बांधानं ये. ते सगळं रोजनिशीत लिहिलं जातं आणि तुम्ही ते वाचून चालत सुटता. चुकता. कधी सांगणाराच चुकीचं सांगतो. चुकलेल्या वाटेवर मला अशा गुहा सापडल्या ज्या कुठल्याच कामात नव्हत्या.

पहिले दोन तास तलवारीचा वार लागतच नाही असं वाटेल. दमलेल्या माणसाचा वार चुकतो, हा तिथला नियम आहे. धावत जाऊन लढू नका, थोडं थांबा, श्वास भरून येऊ द्या. मूळ खेळ विकत घेऊन तो 'ओपनएमडब्ल्यू' या फुकट इंजिनावर चालवा, आजच्या मशीनवर जास्त नीट चालतो.

चाळीसगाव (सध्या पुणे)

थोडा विरोध नोंदवते. जुनं म्हणजे खोल, असं समीकरण करू नका. मी 'अर्केनम' (२००१) तीनदा सुरू केला. जादू आणि यंत्र एकमेकांना बिघडवतात ही कल्पना अप्रतिम आहे, तुम्ही जादूगार झालात तर आगगाडीवालेसुद्धा तुम्हाला बिचकतात. पण लढाई इतकी विस्कळीत की मला पुढे जाववेना. ती उणीव आहे, आणि आठवणींच्या मायेनं ती झाकू नये.

उलट खोली नव्यातही आहे. 'अंडररेल' आणि 'एज ऑफ डेकडन्स', दोन्ही २०१५ चे, छोट्या गटांनी केलेले. 'एज ऑफ डेकडन्स'मध्ये व्यापारी होऊन एकही लढाई न लढता शेवट गाठता येतो, आणि लढायचं ठरवलं तर पहिल्याच भांडणात मराल. 'डिस्को एलिझियम' (२०१९) एस्टोनियातल्या मंडळींनी लिहिला. त्यात २४ कौशल्यं तुमच्या डोक्यात आपापसांत बोलतात, भांडतात, चुकीचे सल्लेही देतात. फासे उलटे पडले तरी गोष्ट थांबत नाही, दुसरीकडे वळते. मी हरल्यावर सेव्ह उघडायची सवय तिथे सोडली.

हाही मोठ्यांसाठीच.

शिरपूर

'नेव्हरविंटर नाइट्स' (२००२) सोबत स्वतःचा खेळ रचायची साधनं येत. मी त्यात सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा केली होती: तापीचा काठ, दत्ताचं देऊळ, चोरीला गेलेली घोडी आणि तीन संशयित. देवनागरी उमटेना म्हणून संवाद रोमन अक्षरांत लिहिले. पाच मित्रांनी खेळला. आपल्या भाषेतला, आपल्या गावांचा असा एक मोठा आरपीजी मला मरण्याआधी खेळायचाय. कोणी करत असेल तर मी फुकट लिहून देईन.

जळगाव, संगणक दुरुस्ती

कामाचं सांगतो, कारण दुकानात हे रोज विचारतात. जुने खेळ 'जीओजी' या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळावर रीतसर मिळतात, सूट असते तेव्हा घ्या. डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीच्या, काळातले तिथे ते आजच्या मशीनवर चालवणाऱ्या 'डॉसबॉक्स'सह येतात, वेगळी खटपट नको. खेळासोबत पुस्तिकेची पीडीएफ असते, ती आधी वाचा. त्या काळी अर्धा खेळ पुस्तिकेतच असायचा. 'बाल्डर्स गेट'ची सुधारित आवृत्ती अँड्रॉइडवरही चालते, फक्त टॅबलेट घ्या, मोबाईलवर अक्षरं बारीक होतात.

अंमळनेर

ताईंनी वर मोठ्यांसाठी म्हटलं, मी मुलीसाठी सांगतो. 'अल्टिमा ४', १९८५. रिचर्ड गॅरियटचा. जीओजीवर फुकट आहे.

यात मारायचा राक्षस शेवटी नाही. आठ गुण अंगी आणायचे आहेत: प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म, नम्रता. सुरुवातीला एक बाई कोडी घालते, त्यात दोन्ही उत्तरं बरोबरच असतात, आणि तुम्ही काय निवडता त्यावरून तुम्ही कोण ते ठरतं. पुढे जादूची सामग्री विकणारी बाई आंधळी आहे. किती नाणी ठेवायची ते तुम्हीच टाईप करायचं. कमी ठेवलीत तर ती ओरडत नाही, काही होत नाही. खूप पुढे गेल्यावर कळतं की तुमचा प्रामाणिकपणा तेव्हाच खाली गेला होता.

मी चौदाव्या वर्षी तिला फसवलं होतं. आज बाजारात म्हातारी मेथीची जुडी देऊन सुट्टे माझ्या हातातून मोजून घ्यायला सांगते, तेव्हा मला ती आठवते.

जळगाव (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. अंमळनेरच्या दादांचं ऐकलं. काल दुपारी 'अल्टिमा ४' उतरवला, लेकीनं कोडी सोडवली, इंग्रजी अडलं तिथे मी मराठीत सांगितलं. एका प्रश्नावर ती वीस मिनिटं बसली, मला उत्तर विचारलं नाही. शेवटी ती मेंढपाळ निघाली, म्हणजे नम्रता. आणि सुरुवात कुठे, तर भुतांनी भरलेल्या मॅजिन्शिया नावाच्या उजाड गावापाशी, हातात जवळपास काही नाही. सगळ्यांत अवघड सुरुवात हीच, असं वाचलं. बदलूया का म्हटलं, तर नको म्हणाली.

आज सकाळी ग्राफची वही मागितली. भुसावळच्या दादा, चौकोन किती मिलीमीटरचा घेऊ?