मदत हवी आहे: जिआर्डियाच्या एकाच नमुन्यात ए आणि बी दोन्ही गट, अर्थ कसा लावावा?

नमस्कार. मी जळगावात परजीवीशास्त्रात संशोधन करते. यावल आणि चोपडा तालुक्यांतील ज्या घरांत शेळ्या अगदी चुलीच्या भिंतीलगत बांधल्या जातात, तेथील माणसांच्या शौच-नमुन्यांतील जिआर्डिया ड्युओडेनॅलिस या आतड्यातील एकपेशीय परजीवीचे जनुकीय वैविध्य तपासणे हा माझा विषय आहे. सूक्ष्मदर्शकाखाली याच्या सिस्ट (शौचातून बाहेर पडणारे कवचबंद रूप) सारख्याच दिसतात. जनुकांवरून मात्र ए ते एच असे आठ गट पडतात. त्यांपैकी ए आणि बी माणसांत आढळतात, तर ई प्रामुख्याने गुराढोरांत आणि शेळ्या-मेंढ्यांत.

काही नमुन्यांत टीपीआय जनुकावरून बी गट निघतो, तर त्याच डीएनएमधील बीटा-जिआर्डिन या दुसऱ्या जनुकावरून ए. शिवाय बी गटाच्या सिक्वेन्समध्ये अनेक जागी दुहेरी शिखरे, म्हणजे एकाच जागी दोन डीएनए-अक्षरांच्या खुणा, दिसतात. या परजीवीच्या पेशीत दोन केंद्रके आणि प्रत्येकात गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे एका जनुकाच्या किमान चार प्रती असल्यामुळे, केवळ शिखरांवरून मिश्र संसर्ग म्हणण्यास मन धजावत नाही. तसेच ई गटासाठी स्वतंत्र प्रायमर (पीसीआरमध्ये नेमका जनुक-भाग पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरावेत काय? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

ताई, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. दोन जनुकांनी दोन गट दाखवणे हे बहुधा मिश्र संसर्गाचे लक्षण असते, कारण प्रत्येक प्रायमर-जोडी दोन्ही गटांना सारख्याच प्रमाणात पकडत नाही. गटनिहाय टीपीआय पीसीआर केल्यास उलगडा होईल. दुहेरी शिखरांचे तसे नाही. ए गटाच्या डब्ल्यूबी वाणात प्रतींमधील फरक ०.०१ टक्क्याहूनही कमी आहे, तर बी गटाच्या जीएस वाणात तो सुमारे अर्धा टक्का आहे, त्यामुळे बी गटात अशी शिखरे अपेक्षितच असतात. क्लोनिंगने (प्रत्येक प्रत वेगळी करून वाचल्याने) कोणत्या प्रती आहेत हे कळेल, पण त्या एकाच पेशीतल्या की दोन वाणांच्या, हे कळणार नाही. त्यासाठी एकेक सिस्ट वेगळी करावी लागते, आणि ते काम चिकाटीचे आहे.

ई गटासाठी प्रायमर अवश्य वापरा. इजिप्त, ब्राझील आणि ऑस्ट्रेलियात तो माणसांत सापडला आहे. मात्र शेळ्यांकडून संसर्ग झाला असे म्हणायचे असेल, तर त्याच घरच्या शेळ्यांच्या लेंड्या त्याच सुमारास घ्याव्यात, आणि ए गटाचे एआय व एआयआय हे उपगटही तपासावेत, कारण एआय जनावरांतही आढळतो, तर एआयआय मुख्यतः माणसांत. नमुने फॉर्मलीनमध्ये ठेवू नयेत, त्यात डीएनए खराब होतो. सत्तर टक्के इथेनॉल चालेल.