राष्ट्रपतींवर महाभियोग: ‘घटनाभंग’ ठरवायचा कोणी आणि कसा?

प्रश्न (चिपळूण): कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेसाठी मुलांची तयारी चालू आहे. राज्यघटनेच्या कलम 61मध्ये महाभियोगाला (राष्ट्रपतींना पदावरून हटवायच्या कारवाईला) कारण एकच, घटनाभंग, आणि त्याची व्याख्या कुठेच नाही. म्हणजे सरपंचावर अविश्वास आणतात तसंच, डोकी जमली की झालं, असं मुलांचं म्हणणं. ते खोडायचं कसं?

मालवण: सरपंचाचीच तुलना नीट करा, मुद्दा तिथेच सुटतो. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 35चा अविश्वास ठराव आणायला सदस्यांची तहसीलदारांकडे नोटीस लागते, पण गैरवर्तन सिद्ध करावं लागत नाही. कलम 39 वेगळं. तिथे गैरवर्तनाचा आरोप, चौकशी, सरपंचाला म्हणणं मांडायची संधी, मग विभागीय आयुक्तांचा निर्णय. महाभियोग या दुसऱ्या जातीचा. आधी आरोप, मग तपास.

गुहागर: आकडे मुलांकडून घोटून घ्या, चूक तिथेच होते. आरोप कोणत्याही सभागृहात आणता येतो. 14 दिवसांची लेखी नोटीस, तिच्यावर एकूण सदस्यसंख्येच्या एक-चतुर्थांश सह्या: लोकसभेत 543 पैकी 136, राज्यसभेत 245 पैकी 62. ठरावाला दोन-तृतीयांश मतं, तीही हजर सदस्यांच्या नव्हे, एकूण संख्येच्या. म्हणजे 362 आणि 164. जो गैरहजर, तो ठरावाच्या विरोधातच गेला. एक सभागृह आरोप ठेवतं, दुसरं तपास करतं किंवा करवून घेतं, आणि तिथे राष्ट्रपतींना वकिलामार्फतही बाजू मांडता येते. नामनियुक्त खासदारांना राष्ट्रपती निवडताना मत नसतं, महाभियोगात असतं. आमदारांचं बरोबर उलट.

प्रश्नकर्ते: प्रक्रिया कळली. पण घटनाभंगाचं उदाहरण काय द्यायचं? आजवर एकाही राष्ट्रपतींवर महाभियोग झालेला नाही.

सावंतवाडी: कलम 74 पकडा. मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो (1978ची 44वी घटनादुरुस्ती). तोच सल्ला पुन्हा आला तर मानावाच लागतो. तेव्हाही नकार दिला, तर तो माझ्या मते सरळ घटनाभंग. 1951मध्ये हिंदू संहिता विधेयकावरून राजेंद्र प्रसाद आणि नेहरूंचे मतभेद झाले, ते मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे का, याबद्दलच होते.

अवघड उदाहरण 1986च्या टपाल विधेयकाचं. तेव्हाचे राष्ट्रपती झैलसिंग यांनी संमतीही दिली नाही आणि ते परतही पाठवलं नाही. कलम 111मध्ये ‘शक्य तितक्या लवकर’ एवढंच आहे, मुदत नाही. याला घटनाभंग म्हणता येणार नाही, असं मला ठामपणे वाटतं. मुदतच नाही तर मोडली काय?

मालवण: प्रतिपक्ष अमेरिकेचा दाखला देईल. तिथली कारणं देशद्रोह, लाचखोरी आणि इतर गंभीर गुन्हे-गैरवर्तन अशी, म्हणजे तिथेही शेवटचा शब्द मोघमच. 1868मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांना दोषी ठरवायला सिनेटमध्ये दोन-तृतीयांश, म्हणजे 36 मतं हवी होती; पडली 35 विरुद्ध 19, आणि ते एका मताने वाचले. दक्षिण कोरियात मात्र संसदेच्या ठरावानंतर अंतिम निकाल घटनात्मक न्यायालय देतं. आपल्याकडे निकाल संसदेचाच, म्हणून मुलांनी जोर आकड्यांवर न देता दुसऱ्या सभागृहातल्या तपासावर द्यावा.